'लिहून घे' म्हणणाऱ्याला इंग्रजी अवघड का?

२००८ च्या डिसेंबरात चीनचे तेव्हाचे अध्यक्ष हू जिंताव यांनी बीजिंगमध्ये एक लांबलचक भाषण केलं. आर्थिक सुधारणांना तीस वर्षं झाल्याचा सोहळा होता, भाषा सगळी सरकारी. डगमगायचं नाही, ढिलाई करायची नाही, असं म्हणता म्हणता ते तिसरी गोष्ट बोलून गेले: 'बु झतंग'. सभागृहात हशा पिकला, कारण हा शब्द पक्षाच्या ठरावांतला नव्हता, उत्तर चीनमधल्या घरादारातला होता. बरं चाललेलं मोडायचं, परत जोडायचं, नसती उठाठेव करून स्वतःला आणि दुसऱ्याला दमवायचं, याला तिकडं 'झतंग' म्हणतात. त्याच महिन्याच्या अखेरीस एका पत्रकार परिषदेत हा शब्द पुन्हा आला, तेव्हा दुभाष्यानं चालू इंग्रजी वाक्यात तो चिनीतच ठेवून दिला. त्यावर मग बरीच चर्चा झाली, 'फ्लिप-फ्लॉप'पासून 'गेट साइडट्रॅक्ड'पर्यंत नाना पर्याय निघाले.

कोल्हापुरात हा प्रश्न पडलाच नसता. 'कुटाणे करू नका' एवढं बोलून माणूस पुढच्या कामाला लागला असता. इंग्रजीतही 'मेस अराउंड' हाताशी होतंच. मला वाटतं, दुभाष्याची अडचण शब्द न सापडण्याची नसावी. देशाच्या अध्यक्षाच्या तोंडी इतकं घरगुती इंग्रजी घालायचं कसं, हा संकोच आड आला असावा. हाच संकोच आपल्याकडं शाळेपासून विद्यापीठापर्यंत पसरलेला आहे, आणि त्याबद्दलच मला बोलायचं आहे.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत पत्रव्यवहार बघते आणि संध्याकाळी राजारामपुरीत इंग्रजीचे क्लास घेते. ऑइल इंजिनांपासून वाढलेली इथली कारखानदारी आता ट्रॅक्टर, मोटारी आणि पंपांची कास्टिंग ओतते, आणि त्यासाठीची काही यंत्रं चीनहून येतात. आमचं वाळूचे साचे करणारं मशीनही तिकडचंच. त्याच्या स्पेअरसाठी, दुरुस्तीसाठी, थकलेल्या उत्तरांसाठी सतत लिहावं लागतं. आधी वुईचॅट होतं. २०२० च्या जूनमध्ये सरकारनं ५९ ॲपांवर बंदी घातली, त्यात तेही गेलं. आता सगळं ईमेलवर. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांसारखं चीनमध्ये राहून चिनी शिकून घ्यायला आमच्या मालकांना सवड नाही आणि पलीकडच्यांना मराठीची गरज नाही. म्हणजे कोल्हापुरी माणूस आणि चिनी माणूस, दोघंही आपापल्या घरातली बोली घेऊन तिसऱ्याच्या अंगणात, इंग्रजीत, भेटतात.

तिकडं माझ्यासारखंच काम करणारी एक बाई आहे. तिनं एकदा लिहिलं की आमच्या आधी ठरलेल्या एका गिऱ्हाइकाची ऑर्डर 'टर्न्ड यलो', म्हणून तुमचं मशीन लवकर पाठवता येईल. मालक ताडकन म्हणाले, "पिवळा रंग कुणी सांगितला त्यास्नी? आपल्याला निळाच पायजे." नंतर तिच्याकडूनच कळलं, चिनीत काम पिवळं पडलं म्हणजे बारगळलं. इंग्रजीत 'फेल थ्रू'. आता आमच्याकडून काय जातं ते बघा. सुट्या भागांची जबाबदारी कोण घेणार यावर वाद चालला होता. मालकांनी मजकूर सांगितला, "मॅडम, त्यास्नी लिवा, आता काखा वर करू नगासा म्हनावं." हे शब्दाला शब्द इंग्रजीत गेलं तर पलीकडची बाई बगलेच्या व्यायामाबद्दल विचारात पडेल. शब्दकोश उघडून 'ॲब्डिकेट युवर रिस्पॉन्सिबिलिटी' लिहिलं तर ती वकिलाची नोटीस होते, आणि मालक तर चिडलेले होते, कोर्टात निघाले नव्हते. 'प्लीज डोन्ट बॅक आउट' यात मालकांचं म्हणणं आहे, त्यांचा आवाजही आहे.

असं 'बॅक आउट' करणारं, एक साधं क्रियापद आणि त्याला चिकटलेलं अप, डाउन, आउट, ऑफ असं एखादं टिकलीएवढं पद, म्हणजे इंग्रजीतलं 'फ्रेजल व्हर्ब'. हे नाव लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५ मध्ये आपल्या पुस्तकात छापलं आणि ते ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचं सांगून टाकलं. वस्तू मात्र नावापेक्षा फार जुनी. सॅम्युएल जॉन्सननं १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत या जोड्यांबद्दल तक्रारवजा नोंद केली आहे की परक्या माणसाला इंग्रजीत सगळ्यांत जास्त त्रास इथंच होतो. अडीचशे वर्षांनी राजारामपुरीतला माझा विद्यार्थी तेच म्हणतो. 'पुट' येतं, 'अप' येतं, 'विथ' येतं. तिन्ही एकत्र आली की 'खपवून घेणे' कसं होतं, ते विचारू नका.

आपल्याकडं इंग्रजी आलं ते कचेरीतून आणि कॉलेजातून. त्यामुळं 'पुट ऑफ'पेक्षा 'पोस्टपोन' प्रतिष्ठित वाटतं, 'लुक इन्टू'पेक्षा 'इन्व्हेस्टिगेट' वजनदार वाटतं. लॅटिनमधून आलेली ही लांब क्रियापदं आपल्याला एका कारणानं सोपीही पडतात. एक शब्द, एक अर्थ, पाठ केलं की झालं. पण इंग्रज माणूस चहा पिताना ती बोलत नाही. आपण मात्र बोलतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं समोरचा कसला तरी अर्ज वाचून दाखवतोय.

यात खरी गंमत अशी की मराठी आणि चिनी या एकमेकींना न ओळखणाऱ्या दोन भाषांमधली चित्रं शेजारी ठेवली की बऱ्याचदा दोन्ही त्याच इंग्रजी जोडीवर येऊन थांबतात. कामावरून काढण्याला आपण 'नारळ देणे' म्हणतो. चिनीत म्हणतात 'माखळी परतणे'. तव्यावर माखळीचा तुकडा गुंडाळला जातो, तसं काढलेल्या नोकरानं आपलं अंथरूण गुंडाळायचं, असं त्याचं मूळ सांगतात. आणि हे ऐकल्यावर मराठी माणसाला 'गाशा गुंडाळणे' आठवणारच. गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिरावरचं आच्छादन. शब्द फार्सीतून आलेला, स्वारांनी आणलेला. (राजाराम कॉलेजात फार्सी शिकवणाऱ्या माधव ज्यूलियनांचा १९२५ चा फार्शी-मराठी कोश घेऊन बसलं की आपल्या घरातले किती शब्द घोड्यावरून आलेत ते दिसतं.) मालकाच्या बाजूनं बघितलं तर 'ले ऑफ', जाणाऱ्याच्या बाजूनं 'पॅक अप'. नारळ, माखळी, खोगीर, सगळी चित्रं गेली, आणि तरी काम पोचलं.

'पाय ओढणे' यात तर सापळाच आहे. चिनीत जवळजवळ हेच चित्र आहे, 'मागचा पाय ओढणे', म्हणजे पुढं जाणाऱ्याला अडवणे. इंग्रजीत पाय ओढला की मात्र ती थट्टा होते. पुण्यामुंबईचे शिकलेले लोकसुद्धा 'ही इज पुलिंग माय लेग' म्हणत ऑफिसातल्या राजकारणाची तक्रार करताना मी ऐकलेत, आणि ऐकणारा साहेब हसत बसतो. इथं 'होल्ड बॅक' हवं, 'ड्रॅग डाउन' हवं. चित्र सारखं दिसलं म्हणून अर्थ सारखा निघेल असं नाही, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

'पाणी सोडणे' घ्या. दान देताना हातावरून उदक सोडायचं, म्हणजे त्या वस्तूवरचा आपला हक्क संपला. जमिनीवर पाणी सोडलं, पैशावर पाणी सोडलं. इंग्रजीत 'गिव्ह अप'. यात विधी गेला याची मला खंत आहे, पण 'गिव्ह' राहिलं, देण्याची क्रिया राहिली. 'शड्डू ठोकणे' म्हणजे 'टेक ऑन'. खासबागेच्या मातीतला तो मांडीवरचा आवाज 'टेक ऑन'मध्ये ऐकू येत नाही, पण अंगावर घ्यायची तयारी येते. 'चर्चेचं गुऱ्हाळ' म्हणजे 'गो ऑन अँड ऑन'. उसाचा चरक, काहिली, फेस काढत बसलेला गुळव्या, सगळं गेलं, पण कंटाळा शंभर टक्के पोचला. विटीदांडूतून आलेलं 'कोलणे' म्हणजे 'ब्रश ऑफ'. आणि 'इस्कोट करणे' म्हणजे 'मेस अप', इतकं नेमकं की माझ्या क्लासमधली पोरं ते एकदाच ऐकतात.

'दम' या एका शब्दावर मी एक अख्खा तास घेते. दम धर म्हणजे 'हँग ऑन'. दम दिला म्हणजे 'टोल्ड ऑफ'. दमानं घे म्हणजे 'स्लो डाउन'. दम काढ म्हणजे 'होल्ड आउट'. दम संपला म्हणजे 'वोअर आउट' किंवा 'रॅन आउट ऑफ स्टीम'. मूळ शब्द तोच, सोबतचं क्रियापद बदललं की अर्थ कुठल्या कुठं जातो. जो पोरगा हे सगळे दम जन्मापासून न चुकता वापरतो, त्याला 'हँग ऑन', 'हँग आउट', 'हँग अप' यांचे वेगळे अर्थ कळणार नाहीत असं आपण का गृहीत धरतो?

मराठी बोलणाऱ्याला फ्रेजल व्हर्ब परकं नाही, हे माझं म्हणणं मी इथं ठासून मांडते. आपली संयुक्त क्रियापदं जवळपास तेच काम करतात. मोरो केशव दामले यांनी १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त त्यांची चिकित्सा केली आहे, पण त्यासाठी व्याकरण उघडायची गरज नाही, घरात कान द्यावा. 'लिहून घे' म्हणजे 'राइट डाउन'. 'लिहून काढ' म्हणजे 'राइट आउट'. 'वाचून दाखव' म्हणजे 'रीड आउट'. 'शोधून काढ' म्हणजे 'फाइंड आउट'. 'खाऊन टाक' म्हणजे 'ईट अप'. 'फाडून टाक' म्हणजे 'टेअर अप'. 'निघून जा' म्हणजे 'गो अवे'. 'हाकलून दे' म्हणजे 'ड्राइव्ह आउट'. आपण मुख्य क्रियेला घे, टाक, काढ, दे, जा अशी दुसरी क्रिया जोडतो, इंग्रजी तिला दिशा जोडते. 'टाक' आलं की काम संपवायचं, मागं काही ठेवायचं नाही, आणि इंग्रजीतलं 'अप' बहुतेक वेळा तेच सांगतं. खाऊन टाक, पिऊन टाक, फाडून टाक: ईट अप, ड्रिंक अप, टेअर अप. चिनीत तर क्रियेला दिशाच जोडतात. एखाद्याला तुच्छ लेखणे म्हणजे 'पाहणे' आणि 'वर उठणे' यांच्यामध्ये नकार घालायचा, नजर वर जातच नाही. इंग्रज त्यालाच 'लुक डाउन ऑन' म्हणतो. एकानं वर जाण्याला नाही म्हटलं, दुसऱ्यानं खाली जाण्याला हो म्हटलं.

आणि शाळेत काय चालतं? महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. दहावीपर्यंत मूल दहा वर्षं ते शिकतं. मराठीच्या तासाला 'वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा', इंग्रजीच्या तासाला फ्रेजल व्हर्बांची यादी. एका भिंतीच्या दोन बाजूंना दोन शिक्षक आणि दोन वह्या, आणि 'खपवून घेणे' व 'पुट अप विथ' यांची कधी गाठ पडत नाही. राधानगरी, गगनबावड्याकडून येणारी मुलं माझ्याकडं बसतात, तेव्हा पहिल्या दिवशी 'माझं इंग्लिश कच्चं आहे' एवढंच सांगतात. त्यांना मी आधी आईचं एक दिवसाचं बोलणं लिहून आणायला सांगते. उठून बस, आवरून घे, पुसून काढ, देऊन ये. त्यातली निम्मीअधिक क्रियापदं त्याच आठवड्यात इंग्रजीत जातात, आणि ती जातात ती लहान क्रियापदांतूनच. यावर पालकांची तक्रार येते, नाही असं नाही. एका वडिलांनी मला सुनावलं, "हे गेट, पुट, टेक तर रिक्षावाल्यालाबी येतं. जरा हाय लेव्हलचं शिकवा की." पंचाईत अशी की ते हाय लेव्हलचं आधी शिकल्यामुळंच त्यांना बोलायला जमलं नव्हतं.

आता माझ्याच बाजूला काही अटी घालते. पहिली, पत्र वाचणारी बाईसुद्धा इंग्रज नाही. जॉन्सनचा परका माणूस इकडंही आहे आणि तिकडंही. 'पुट अप विथ' मी तिला पाठवत नाही, कारण ते तीन तुकड्यांत फोडून बघितलं तर काहीच हाती लागत नाही. 'सेंड बॅक', 'टेक आउट', 'स्विच ऑफ', 'होल्ड बॅक' यांत दिशा अजून दिसते, ते ती बिनचूक समजते. लहान क्रियापदं सगळी एका मापाची नाहीत. ज्यांतली दिशा उघडी आहे ती परक्याशी वापरावीत, ज्यांतली बुजून गेली आहे ती इंग्रजाशी. दुसरी अट करारांची. करारात 'लुक इन्टू' किंवा 'गेट बॅक टू यू' आलं की समजावं, कुणीतरी पळवाट ठेवली आहे. तिथं कोरडी, एकाच अर्थाची लांब क्रियापदंच बरी. भांडणात मात्र लहान.

तिसरी अट साहित्याची, आणि ती सगळ्यांत नाजूक आहे. चित्र पुसूनच टाकायचं तर मग भाषांतर कसलं, असं कुणी म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल. इंग्रजांनी चिनी चित्रं उचललीच आहेत. 'लूज फेस' हे चिनीतून शब्दशः घेतलेलं, एकोणिसाव्या शतकात चीनमध्ये राहणाऱ्या इंग्रजांनी. आज ते चिनी आहे हे कुणाच्या लक्षातही नसतं. आपलं 'नाक कापलं जाणे' मात्र तिकडं पोचलं नाही. हाँगकाँगचं 'ॲड ऑइल', म्हणजे 'चल, जोर लाव', २०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या कोशात आलं. तेव्हा 'नाद खुळा'लाही कधी तरी दार उघडेल, आणि मी त्याच्या आड येणार नाही.

पण ग्रामीण मराठीच्या भाषांतरात मला उलटा धोका जास्त दिसतो. कागलच्या आनंद यादवांची किंवा पट्टण कोडोलीच्या शंकर पाटलांची माणसं घ्या. त्यांच्या तोंडी 'टॉलरेट', 'टर्मिनेट', 'रिलिंक्विश' आलं की बांधावरचा शेतकरी थेट तहसीलदार होतो. चित्र ठेवायचं की नाही हे भाषांतरकारानं दर वाक्याला ठरवावं. ते ठेवता आलं नाही तर त्या जागी इंग्रज शेतकऱ्याच्या तोंडची क्रियापदं यावीत: गिव्ह अप, गेट बाय, मेक डू, क्लिअर ऑफ. माणूस ज्या पायरीवर बसून बोलतो ती पायरी बदलू नये एवढंच. अडाणी माणूस इंग्रजीत एकदम सुशिक्षित झाला की वाचणाऱ्याला त्याची गरिबीही खोटी वाटायला लागते.

यासाठी साधनं काय आहेत? मोल्सवर्थचा कोश, पहिला १८३१ चा आणि वाढवलेला १८५७ चा, एकेका मराठी शब्दापुढं इंग्रजी शब्दांची रांग लावतो. मॅनवेअरिंग या मिशनऱ्यानं १८९९ मध्ये मराठी म्हणींचा इंग्रजी संग्रह ऑक्सफर्डहून छापला. दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' १९४२ आणि १९४७ असा दोन खंडांत आला, तो मराठीतून मराठीत. यांतलं काहीही हातात घेऊन आजचा मुलगा 'कुटाणे'ला इंग्रजीत काय म्हणायचं हे पटकन काढू शकत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा जुन्या ग्रंथांवर पुष्कळ बोललं गेलं. त्यातला थोडा पैसा आणि थोडे हात रोजच्या बोलण्याकडंही वळवावेत. शिवाजी विद्यापीठात मराठी आणि इंग्रजी हे दोन्ही विभाग आहेत. दोघांनी मिळून एक वही तयार करावी: डावीकडं वाक्प्रचार किंवा संयुक्त क्रियापद, उजवीकडं इंग्रजीची लहान क्रियापदं, आणि प्रत्येकापुढं ते कुणाशी बोलायचं याची खूण, साहेबाशी, गिऱ्हाइकाशी, मित्राशी की भांडताना. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यातली बोली त्यात आधी यावी, कारण पुण्याच्या कोशांत तिला नेहमी 'प्रांतिक' म्हणून कंसात बसवलेलं असतं. नवीन संशोधन लागणार नाही. एम. ए.च्या मुलांना प्रत्येकी एक गाव आणि एक क्रियापद वाटून दिलं तरी वर्षभरात पहिला भाग उभा राहील. कुणाला 'टाकणे', कुणाला 'बसणे', कुणाला 'काढणे'. 'दम' मी स्वतः लिहून द्यायला तयार आहे.